जगात जर्मनी, ताटात परभणी

मधुमेह जडला की माणसाला दोन गोष्टी नियमित मिळू लागतात : गोळ्या आणि सल्ले. गोळ्यांना पैसे पडतात, सल्ले घरपोच येतात. त्यातून माझी प्रकृती काडीपहिलवानाची, त्यामुळे "तुम्हाला कशी हो साखर?" हा प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी. त्याचं उत्तर पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ सालीच देऊन ठेवलं आहे. त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांचे सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं. पण अंगातली चरबी साहेबाची ९ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१! म्हणजे आपण दिसायला काटक, आतून लोणी. हे मी आमच्या सौ.ला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "मला मेलीला कधीपासून माहीत आहे."

तर या सल्ल्यांत हल्लीच नवी भर पडली. पुण्याची भाची आहारशास्त्र शिकलेली. फोनवर म्हणाली, "मामा, जेवणाबरोबर आंबवलेल्या भाज्या खात जा आणि थोडं समुद्रातलं शेवाळ. जेवल्यावर साखर एकदम चढत नाही."

मी राहतो येलदरीला. तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. इथून समुद्र सरळ रेषेत गेलं तरी चारेकशे किलोमीटर. आमचा समुद्र म्हणजे पूर्णा नदीवरचं धरण. तिथे मासे धरणाऱ्या एकाच्या कानावर ही गोष्ट घातली, तर तो म्हणाला, "समुद्रातलं कशाला खायलाव काका? इथलं न्या की पोतंभर. फुकट हाय." (कोणी खरंच नेऊ नये. साचल्या पाण्यावरचं हिरवं तवंग कधी कधी विषारी असतं.)

थट्टा सोडा, भाचीचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं. जेवणात आंबट असलं की जठर आपला माल पुढे सावकाश ढकलतं. पिठाची साखर होऊन ती रक्तात उतरायची, ती घाईने उतरत नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या विद्यापीठात कॅरोल जॉन्स्टन या बाईंनी २००४ साली मूठभर लोकांना पाव आणि संत्र्याचा रस द्यायच्या आधी पाण्यात कालवलेला व्हिनेगर पाजला, आणि साखर कमी चढलेली पाहिली. कोरियात २०१३ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २१ माणसांना आठ आठवडे ताजी किमची, म्हणजे त्यांची कोबीची तिखट लोणची भाजी, आणि आठ आठवडे आंबवलेली किमची खाऊ घातली. आंबवलेली सरस ठरली. आता एकवीस ही संख्या मोदकांना शोभते, सिद्धान्ताला जरा कमी पडते. पण दिशा तरी कळली.

शेवाळाचं म्हणाल, तर ते आमच्या जिंतूरच्या किराणा दुकानातही मिळतं, फक्त नाव वेगळं. चायनाग्रास! समुद्री शेवाळ उकळून, गाळून, वाळवून केलेला हा डिंकासारखा पदार्थ. त्याचं वैद्यकावर मोठं ऋण आहे. १८८१-८२च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉख जंतू वाढवायला बसला होता आणि त्याचं जिलेटिन उन्हाळ्यात विरघळत होतं. त्याच्या सहकाऱ्याची बायको, फॅनी हेस, स्वयंपाकात जेली करताना चायनाग्रास वापरायची. तिने सुचवलं, ते घालून बघा. ते अंगाच्या उबेला वितळेना, आणि बहुतेक जंतूंनाही ते पचेना. जंतूंना जे पचत नाही ते आपल्यालाही पचत नाही. आतड्यात ते बुळबुळीत चोथा होऊन बसतं आणि शेजारच्या भाताची साखर धीम्या गतीने सोडतं. जपानी माणूस भाताबरोबर शेवाळ खातो ते याला साजेसं आहे. आपण मात्र त्याच चायनाग्रासात दूध आणि वाटीभर साखर घालून ते लेकरांना वाढदिवसाला देतो.

जर्मनीचं नाव निघालं की परभणीच्या माणसाची छाती फुगते. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आमचं ब्रीद. जर्मनांची सावरक्राऊट, म्हणजे मिठात आंबवलेली कोबी, कॅप्टन कुकने १७६८च्या सफरीत जहाजावर पिंपं भरून नेली होती. खलाशी तिला शिवेनात. मग कुकने ती रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर वाढायला लावली. झालं! साहेब खातात म्हटल्यावर आठवडाभरात खलाश्यांत मागणी इतकी वाढली की वाटपाला माप लावावं लागलं. सल्ला कुठल्या टेबलावरून येतो याला तेव्हापासून महत्त्व आहे.

आमच्या टेबलावर, म्हणजे पाटावर, काय होतं? आजीच्या हातची आंबील : ज्वारीचं पीठ रात्रभर ताकात भिजवायचं, सकाळी शिजवायचं. ताक-कण्या. खारातल्या मिरच्या, मिठाच्या पाण्यातली लिंबं. तेलात बुडवलेलं कैरीचं लोणचं यात मी धरत नाही. ते आंबतं कमी, मुरतं जास्त. अंबाडीची भाजी आंबवावी लागत नाही, ती जन्मतःच आंबट. आणि या सगळ्याबरोबर ज्वारीची भाकरी. भात शेवटी, तोही मूठभर, कारण तो असायचाच तेवढा. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यक महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी २०१५ साली ११ रुग्णांवर पाहिलं, की भाज्या आणि प्रथिनं आधी आणि पिठूळ पदार्थ शेवटी खाल्ले तर साखर कमी चढते. भात शेवटी ठेवण्यात आजीने निम्मा प्रयोग करून ठेवला होता. फक्त छापला नव्हता.

मग हे ताट गेलं कुठे? याचा शोध घेत गेलं की दारातल्या धरणाशीच येऊन थांबावं लागतं. येलदरीचं धरण १९६८ साली पुरं झालं. इथे पाणी साठतं, साडेबावीस मेगावॅट वीज करून खाली सिद्धेश्वरला उतरतं आणि तिथून कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडकडे निघतं. १९७२च्या दुष्काळात रेशनच्या रांगेत उभं राहून अमेरिकेची लाल मिलो खाल्लेल्या माणसांना पाण्याची किंमत कुणी शिकवायला नको. पाणी आलं तशी ज्वारी हटली आणि ऊस उभा राहिला. वसमतला साखर कारखाना निघाला. त्याचं नावही पूर्णा. नदीचं नाव साखरेच्या पोत्यावर छापलेलं मी दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही. पैसा आला, गहू आला, भात आला, चहात तीन चमचे आले. धरणापासून निघालेला तो कालवा माझ्या रक्तापर्यंत येऊन पोचला आहे, असं मी म्हणतो तेव्हा डॉक्टर हसतात. पण आमच्या गल्लीत मोजायला बसलं तर दर घराआड एक मीटर निघतं.

गंमत म्हणजे चरकाने प्रमेहाची कारणं सांगितली आहेत : बसण्याचं सुख, झोपेचं सुख, दही, दूध, नवं धान्य, नवं पाणी आणि गुळाचे पदार्थ. नवं पाणी! दोनेक हजार वर्षांपूर्वी येलदरी त्याला ठाऊक असायचं कारण नाही. दह्याचंही नाव यादीत आहे, त्यामुळे आजीच्या ताकाची वकिली करताना मी जरा हळू बोलतो. प्रमेहाची चाहूल म्हणून त्याने मुंग्या सांगितल्या. लघवीवर त्या जमतात. प्रयोगशाळा नव्हती, मुंग्या होत्या.

आमच्या एका शिक्षकमित्राने हे सारं ऐकून गोळ्या बंद केल्या आणि लोणच्याच्या पाण्यावर भिस्त ठेवली. पाणी खारट, म्हणून रक्तदाब वाढला तो वेगळा. पायाच्या अंगठ्याला काटा लागला, तो कळलाच नाही, आणि अंगठा कापावा लागला. आता तो काठी टेकत देवळापर्यंत येतो. त्याच्यासमोर मी किमचीवर विनोद करत नाही. आंबट चव गोळीच्या जोडीला असते, जागेवर नाही, हे त्याला त्याच्या डॉक्टरांनी आधीही सांगितलं होतं.

मी स्वतःवर प्रयोग केला. साधा वरणभात खाऊन दोन तासांनी मीटर २१२. दुसऱ्या दिवशी तीच गोळी घेऊन अंबाडीची भाजी, कोशिंबीर, भाकरी आणि शेवटी दोन घास भात : १७४. भाकरीही काही औषध नव्हे, पीठ ते पीठच. शिवाय माणूस एक आणि दिवस दोन, म्हणजे कोरियाच्या एकविसाव्या हिश्श्याइतकंही शास्त्र नाही. सौ.ने मात्र आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला आणि गव्हाचा डबा वरच्या फळीवर चढवला.

गेल्या आठवड्यात वसमतकडच्या मेव्हण्याने नव्या गुळाची ढेप पाठवली, कालव्याच्या पाण्यावरच्या उसाची. तिला नाही म्हणणं म्हणजे नातं तोडणं. ती फडक्यात बांधून कोठीच्या कोपऱ्यात ठेवली आहे, आणि ती कुठे आहे हे घरात मला कोणी सांगत नाही. मी मुंग्यांच्या मागे गेलो.