टीव्हीच्या टेपवरून आलेला आकडा

कॅसेट भरून देणं हा एके काळी धंदा होता, हे आता तरुणांना पटवून सांगावं लागतं. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची यादी घेऊन यायचं, आम्ही आमच्याकडच्या रेकॉर्डींवरून ती गाणी कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचो. सी-६० म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, सी-९० म्हणजे पंचेचाळीस. यादी बेतताना शेवटचं गाणं मध्येच तुटू नये, ही खरी कसोटी. ऐंशीच्या दशकात डोंबिवली स्टेशनजवळचं माझं दुकान अशा याद्यांवर चाललं. कायद्यात ते कुठे बसत होतं हे तेव्हा कुणी विचारलं नाही, आता तुम्हीही विचारू नका.

त्या धंद्यात एक गोष्ट रोज कानांवर यायची: प्रत काढली की काहीतरी जातंच. रेकॉर्डवरून भरलेली कॅसेट बरी असायची. त्या कॅसेटवरून भरलेली दुसरी मळकट. तिसऱ्या प्रतीत तंबोरा फितीच्या सुसुकाऱ्यात बुडालेला. म्हणून ज्या दिवशी मला कळलं की आवाजाचे आकडे करता येतात आणि आकड्यांची प्रत मुळाइतकीच चोख निघते, त्या दिवसापासून मी डिजिटलच्या बाजूचा आहे. रेकॉर्डीच्या ‘उबदार’ आवाजाबद्दल हळवं होणाऱ्यांशी माझं जमत नाही. मी त्या रेकॉर्डी पुसल्यात.

आता मी घरी अ‍ॅपवर गाणी ऐकतो. फोनच्या पडद्यावर गाण्याच्या नावाखाली ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ असं काहीतरी झळकतं आणि सोसायटीतली मंडळी विचारतात, “काका, आकडा मोठा म्हणजे आवाज चांगला ना?” याचं उत्तर द्यायचं तर आधी धाकट्या आकड्याची, ४४,१०० ची, हकीकत सांगायला हवी.

आवाज म्हणजे हवेच्या दाबाची चढउतार. तिची उंची ठरावीक अंतराने मोजून लिहून ठेवायची, ही कल्पना अ‍ॅलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने १९३७ च्या सुमारास पॅरिसमध्ये टेलिफोनसाठी मांडली. सेकंदाला किती वेळा मोजायचं? ऐकायच्या सर्वांत उंच स्वराच्या दुपटीहून जास्त वेळा, असं नायक्विस्ट आणि शॅनन यांचं गणित सांगतं. माणसाच्या कानाची वरची हद्द साधारण २०,००० हर्ट्झ. तीही तरुणपणी, माझ्या वयाला त्यातलं बरंचसं गेलेलं असतं. म्हणजे मोजण्या ४०,००० हून थोड्या अधिक हव्यात. मग सरळ ४२,००० किंवा ४५,००० का नाही घेतल्या?

कारण इतके आकडे ठेवायचे कुठे हा प्रश्न होता. सत्तरच्या दशकात कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये तासाभराचं संगीत ठेवणं परवडण्यासारखं नव्हतं. एवढा ऐवज पोटात घेणारी स्वस्त फीत एकच होती, व्हिडिओची. जपानमध्ये डेनॉनने १९७२ मध्ये आठ ट्रॅकचं डिजिटल यंत्र बांधलं, तेही व्हिडिओ टेपवर. सोनीने १९७८ मध्ये पीसीएम-१६०० काढलं. ते आवाजाचे आकडे टीव्हीच्या चित्रासारखे काळे-पांढरे ठिपके करून यू-मॅटिक व्हिडिओ रेकॉर्डरवर लिहायचं. टीव्हीच्या चित्रात ओळी ठरलेल्या असतात. अमेरिका-जपानच्या पद्धतीत सेकंदाला ६० क्षेत्रं, म्हणजे अर्धी चित्रं, प्रत्येकात कामाच्या २४५ ओळी आणि एका ओळीत ३ मोजण्या: गुणाकार ४४,१००. युरोपच्या पद्धतीत, जी आपल्या दूरदर्शनचीही होती, ५० क्षेत्रं, २९४ ओळी, पुन्हा ३ मोजण्या: गुणाकार तोच, ४४,१००. दोन्हीकडच्या यंत्रांवर जमतो आणि कानालाही पुरतो, म्हणून हा आकडा टिकला. कोणा उस्तादाच्या कानाने तो ठरवला नाही, टीव्हीच्या ओळींनी ठरवला.

पुढे सीडीसाठी फिलिप्स आणि सोनी एकत्र बसले. फिलिप्सचा आग्रह १४ बिटांचा, सोनीचा १६ चा. सोनीचं चाललं आणि १९८० मध्ये नियमावली पक्की झाली. बिट म्हणजे प्रत्येक मोजणी किती बारकाईने लिहायची ते. १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. चांगल्या एलपीवर साठ-सत्तर मावलं तरी डोक्यावरून पाणी, आणि आमच्या कॅसेटींचं तर बोलायलाच नको. गंमत अशी की १९६३ ची कॅसेट ज्या लू ऑटेन्सच्या हाताखाली घडली, तोच माणूस पुढे फिलिप्समध्ये सीडीच्या कामाच्या अग्रभागी होता. माझं दुकान त्यानेच उभं केलं आणि त्यानेच बसवलं, असं मी म्हणतो.

१ ऑक्टोबर १९८२ ला जपानमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ हा सीडी प्लेअर विक्रीला आला, किंमत १,६८,००० येन. त्याआधी ऑगस्टमध्ये जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या लांगनहागन इथल्या कारखान्यात विक्रीसाठीच्या पहिल्या सीडी छापल्या गेल्या होत्या, आबा या स्वीडिश चमूच्या. हॅनोव्हर हे नाव जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांच्या ओळखीचं. ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर मूळचा त्या गावचा आणि १८९८ पासून रेकॉर्डींचा कारखाना तिथलाच. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित केलं, ते मेणाचे साचे बोटीने छपाईला गेले हॅनोव्हरलाच. तिच्या रेकॉर्डीच्या शेवटी तिने इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलेलं ऐकू येतं. तिकडच्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावं, म्हणून ही सोय असं सांगतात. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तेव्हा कुठे आपली गाणी आपल्याकडे छापली जाऊ लागली.

७८ ची रेकॉर्ड तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. बडा ख्याल, छोटा ख्याल, ताना, सगळं त्यात. एलपी आली तेव्हा एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मिळू लागली. सीडीने ७४ मिनिटं दिली आणि विलंबित ख्याल घरात कुणी बाजू न उलटता पूर्ण ऐकू शकलं. आपल्या संगीताच्या दृष्टीने सीडीची मोठी देणगी ही. बिटांची चर्चा करणारे लोक ती विसरतात. पण सीडी आपल्याकडे फार काळ चैनीची वस्तू राहिली. ती यायची परदेशातल्या भाच्याच्या बॅगेतून किंवा काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसच्या काचेमागे दिसायची. महाराष्ट्राने खरं संगीत ऐकलं ते कॅसेटवर. प्रल्हाद शिंदेंची विठ्ठलाची गाणी, भीमगीतं, तमाशातले वग, पुण्याच्या अलूरकरांनी काढलेल्या मैफिली, हे सगळं चालणाऱ्या फितीवर गावोगाव पोचलं. ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं. माझं दुकान त्याच्या कितीतरी आधी.

सीडीनंतर जो काळ आला तो आवाजाच्या दृष्टीने उलटा. सीडीचा ओघ सेकंदाला १४,११,२०० बिट. जर्मनीत एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि मंडळींनी कानाला न जाणवणारा भाग वगळून तो अकराव्या हिश्शावर आणला. हे एमपी-३. कानाची फसगत कुठे होते हे त्यांनी सुझान वेगाच्या नुसत्या गळ्यावरच्या एका गाण्यावर पुन्हा पुन्हा तपासलं. कल्पना बुद्धिमान होती. पण फूटपाथवर दोनशे गाण्यांची एक सीडी विकणाऱ्यांनी जे कापलं ते कापण्याला काही धरबंध नव्हता. झांजांचा आवाज पाण्यात बुडवल्यासारखा यायचा. २००१ मध्ये जॉश कोल्सन याने फ्लॅक ही पद्धत खुली केली, तीत फाइल साधारण निम्म्यावर येते आणि एक बिटही हरवत नाही. माझ्या जुन्या धंद्याला हवी होती ती प्रत अशी.

इथवर सगळं ठीक. पुढचे मोठे आकडे कशासाठी? १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी आली, पाठोपाठ डीव्हीडी-ऑडिओ. दोन्ही बाजारात फार चालल्या नाहीत. २००७ मध्ये बॉस्टनच्या मेयर आणि मोरन यांनी एक साधा प्रयोग छापला. सुपर ऑडिओ सीडी वाजवायची, मध्येच गुपचूप तिचा आवाज १६ बिट ४४,१०० च्या चिमटीतून काढायचा आणि ऐकणाऱ्याला ओळखायला सांगायचं. ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच. २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ रीस यांनी असे अठरा अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली. म्हणजे फरक अगदीच शून्य नाही, पण तो ऐकण्यासाठी कोणी घराचं कर्ज वाढवू नये. मेयर-मोरन यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, ती जाहिरातवाले सांगत नाहीत: त्या महागड्या तबकड्यांपैकी बऱ्याच खरोखर छान वाजत होत्या, पण त्या जास्त काळजीने तयार केल्या होत्या म्हणून. चिमटीतून काढल्यावरही त्या तितक्याच छान वाजल्या.

स्ट्रीमिंगवाल्यांनी हा आकडा उचलला तो स्पर्धेपोटी. टायडल २०१४ मध्ये आलं, अ‍ॅमेझॉनने २०१९ मध्ये वरचा दर्जा वेगळ्या पैशांत दिला, अ‍ॅपलने २०२१ मध्ये तोच फुकट करून टाकला. स्पॉटिफायने त्याच वर्षी घोषणा केली आणि प्रत्यक्षात आणायला २०२५ उजाडलं. मधल्या काळात एमक्यूए नावाची एक घडी घालण्याची पद्धत फार गाजावाजा करून आली. ती कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या दारात गेली. आपल्याकडे हे शक्य झालं ते २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यामुळे. २४ बिट १९२ किलोहर्ट्झचं तासाभराचं गाणं आवळलं नाही तर चार जीबीच्या वर जातं. पूर्वी तेवढ्यात महिना निघायचा.

आणि इतकं करून घरात काय होतं? फोन बहुधा सगळं आपल्या सोयीच्या ४८,००० वर बदलून घेतो. ब्लूटूथचे हेडफोन लावले की ते पुन्हा आवळलं जातं. वर १९२ झळकत असतं आणि कानात वेगळंच येत असतं. मी फोनला वायरने एक छोटा डॅक जोडला आहे, म्हणजे आकड्यांचा परत आवाज करणारी डबी. तिच्यावर दिवा लागतो, आत खरोखर किती येतंय ते सांगणारा. पुढे लॅमिंग्टन रोडच्या एका कारागिराने बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर. पैसे खर्च करायचेच असतील तर स्पीकरवर करा आणि ते भिंतीपासून हातभर पुढे ओढा. बायको रागावेल, पण तबला जागेवर येईल.

माझी तक्रार मात्र दुसरीच आहे. याद्यांमध्ये जुनं मराठी गाणं मोठ्या आकड्यांच्या बिल्ल्यासह दिसू लागलं आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकात जे १६ बिटांवर मुद्रित झालं, त्याला २४ बिट कुठून येणार? भांडं मोठं केलं म्हणून दूध वाढत नाही. जे स्टुडिओच्या मूळ फितीवर आहे, त्याला मोठं भांडं जरूर उपयोगी, पण फीत मूळची असेल, हेड नीट लावलेलं असेल तर. आणि ७८ च्या रेकॉर्डींची कथा आणखी वाईट. सुरुवातीच्या काळात फेऱ्यांचा वेग सगळीकडे एकसारखा ७८ नव्हता. ७६ वर मुद्रित झालेली तबकडी ८० वर वाजवली तर काळी एकचा गळा जवळजवळ पांढरी दोनवर जातो, ताना उगाच चपळ होतात. अशी उतरवलेली गाणी मी ऐकली आहेत. वर खरखर काढायच्या नादात गळ्याचा श्वासही काढलेला. हे १९२ किलोहर्ट्झवर ऐका नाहीतर भोंग्यावर, चूक चूकच राहते.

गोव्यात केरीला जन्मलेल्या केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाला फारशा राजी नसत. त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांच्या सोनेरी तबकडीवर गेली. त्या तबकडीच्या आवरणावर ती किती वेगाने फिरवायची हे कोरलेलं आहे: एका फेरीला ३.६ सेकंद, आणि तेही हायड्रोजनच्या अणूच्या कालमानात, कारण वाचणाऱ्याला आपला सेकंद ठाऊक नसेल. परग्रहावरच्या श्रोत्यासाठी एवढी काळजी घेतली. दादरच्या श्रोत्याला मात्र गाणं कोणत्या तबकडीवरून, कोणत्या वेगाने, कोणी उतरवलं हे कळायला मार्ग नाही. मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आणि तिच्यासारखे हौशी संग्राहक हे तपशील वर्षानुवर्षं गोळा करत आले आहेत. तबकड्याही त्यांच्या कपाटांत सुस्थितीत आहेत. ज्या कंपन्यांकडे हक्क आहेत त्यांनी या संग्राहकांना बोलवावं, चांगल्या तबकड्या घ्याव्यात, वेग ठरवण्यासाठी गाणं जाणणारा माणूस बसवावा आणि गाण्याच्या नावाखाली किलोहर्ट्झच्या आधी चार शब्द लिहावेत: मूळ कोणतं, वर्ष कोणतं, वेग किती, उतरवलं कोणी. तोवर वर्गणीदारांनो, बिल्ला पाहून जादा पैसे भरू नका.