सैतानाची नखं आणि ऑइल पिणारी गाडी

जुनी माझदा आरएक्स-७ ऑइल पिते म्हणून तिला नावं ठेवणाऱ्यांसाठी आजची गोष्ट.

१९६० चं दशक. हिरोशिमात माझदाचे इंजिनिअर रोटरी इंजिनशी झगडत होते. ह्यात पिस्टन नसतो. तिकोनी रोटर फिरतो. त्याच्या तिन्ही टोकांना सीलची पट्टी असते. ती थरथरायची आणि आतल्या भिंतीवर ओरखडे काढायची. इंजिनिअर त्यांना 'सैतानाची नखं' म्हणायचे! केनिची यामामोतोंच्या ४७ जणांच्या टीमने कार्बन-ॲल्युमिनियमचं सील बनवलं आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली.

ओरखडे थांबले, पण सीलला ऑइल लागतंच. म्हणून १९७८ ला आलेल्या आरएक्स-७ मध्येही एक पंप मुद्दाम थोडं थोडं ऑइल आत सोडतो. ते पेट्रोलबरोबर जळतं. हा बिघाड नाही.

मग बिघाड कसा ओळखायचा? थंड गाडी लगेच सुरू होते, पण गरम झाल्यावर बंद केली की पुन्हा सुरू व्हायला रडते? कॉम्प्रेशन तपासून घ्या; सील झिजलेलं असू शकतं.

आणि पेट्रोल भरताना डिपस्टिक बघाच. ऑइल वाचवायला जाल, तर इंजिन घालवून बसाल.