काळूच्या काठाने सह्याद्रीकडे : उंचीनुसार बदलणारी जीवसृष्टी

टिटवाळ्याच्या महागणपतीचे दर्शन घेऊन परतणाऱ्या भाविकांना काळू नदी परिचित असते. मात्र ही नदी माळशेज घाटाच्या परिसरातून येताना जीवसृष्टीचे किती निरनिराळे पट्टे ओलांडते, याकडे सहसा लक्ष जात नाही. पर्वताच्या उंचीनुसार वनस्पती बदलतात, हे जर्मन शास्त्रज्ञ हुम्बोल्ट यांनी १८०२ साली चिंबोराझो पर्वतावर चढून १८०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चित्राद्वारे दाखवले. तोच धडा ठाणे जिल्ह्यातही गिरवता येतो.

टिटवाळ्याच्या खाली काळू उल्हास नदीला मिळते आणि पुढे खाडीचे खारे पाणी सुरू होते. तेथे तिवराची झाडे आणि चिखलात सरपटणारी निवटी आढळते. टिटवाळा, शहापूर, मुरबाड या सखल पट्ट्यात साग, ऐन, पळस, मोह यांचे पानझडी वन आहे. उन्हाळ्यात ते उघडेबोडके दिसते, म्हणून त्याला ओसाड समजण्याची चूक अनेकजण करतात. वर चढावर कारवी दाटते. ती सात वर्षांनी एकदाच फुलते व बी धरून वाळून जाते. भीमाशंकरसारख्या सुमारे हजार मीटर उंचीच्या भागात अंजनी, जांभूळ, पिसा यांची सदाहरित राई व शेकरूची घरटी दिसतात.

हजार मीटर चढल्यास तापमान साधारण साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. सह्याद्रीत मात्र तापमानापेक्षा पाऊस, वारा आणि मातीची जाडी यांचा प्रभाव अधिक जाणवतो. पठारांवर कातळ जवळजवळ उघडा असल्याने वृक्ष तग धरत नाहीत. पावसाळ्यात तेथे सोनकी, गेंद आणि कीटकभक्षी सीतेची आसवे फुलतात. घाटमाथा ओलांडून पूर्वेकडे गेल्यास उंची फारशी न घटताही पाऊस झपाट्याने कमी होतो आणि बाभूळ, बोर, हिवर यांचे काटेरी रान लागते. हिमालयात असते तशी वृक्षरेषा किंवा हिमरेषा येथे नाही.

सखल पट्ट्यातील वन वसाहती व रस्त्यांमुळे तुटक होत आहे आणि मुरबाड तालुक्यात काळूवर नियोजित असलेल्या धरणाखाली मोठी वनजमीन जाणार आहे. हवामान तापू लागले की अनेक जाती वर सरकतात, असे जगभरच्या पर्वतांत आढळले आहे. सह्याद्रीत सरकण्यास वाव थोडा : हरिश्चंद्रगड सुमारे १४०० मीटर, तर सर्वोच्च कळसूबाई १६४६ मीटर.