काटा दोषी नव्हता

करडई सूर्यफुलाच्याच कुळातली, पण तिच्या पिवळ्या फुलाला कडेच्या पाकळ्यांची झालर नसते. बोंडात नळीसारखी बारीक फुलं दाटलेली असतात. उमलताना पिवळी, सुकताना नारिंगी-तांबडी. उगवल्यावर काही आठवडे पानं जमिनीलगत पसरून राहतात. तेव्हा ती कोवळी, जवळपास बिनकाट्याची असतात आणि त्यांची भाजी होते. वर वाढ दिसत नाही, कारण सोटमूळ खाली चाललेलं असतं, दोन-तीन मीटरपर्यंत. धाराशिवच्या काळ्या रानात परतीच्या पावसाच्या ओलीवर हे पीक निघतं ते त्या मुळाच्या जोरावर. काटे येतात नंतर, पानांच्या कडांना आणि बोंडाभोवती, आणि त्यांनीच करडईची शेतातली जागा ठरवली. रब्बी ज्वारीच्या कडेनं तिच्या काकऱ्या टाकल्या की गुरं आत शिरत नाहीत. कुंपणाचं कुंपण, वर घाण्याचं तेल.

हे पीक मागे का पडलं, असं विचारलं की बोट काट्याकडेच जातं. हाता-पायांना फडकी गुंडाळून, दवानं काटे मऊ असेपर्यंत पहाटेच काढणी उरकायची. अशा कामाला मजूर कोण मिळणार? अडचण खरी आहे, आणि मजुरी वाढली तशी ती जास्त बोचली, हेही मान्य. पण काटा काही नवा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या तो सोसून लोकांनी करडई पेरली. शिवाय २००१ च्या सुमारास फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्याचं संकरित वाण आणलं. काटा हेच खरं कारण असतं, तर त्यानंतर पेरा सावरायला हवा होता. तसं झालं नाही. (बिनकाट्याची करडई राखण करत नाही, ही गंमत वेगळीच.)

बदललं ते काट्याबाहेरचं. १९८६ च्या तेलबिया अभियानानं देशी तेलाला दिलेला आधार १९९४ मध्ये पामोलीनची आयात खुली झाल्यावर ढिला पडला. स्वस्त तेलापुढे घाण्याचं गणित जमेना. मावा पडतो, उतारा कमी येतो, या तक्रारी खऱ्याच, पण त्याही जुन्या. माझ्या मते निर्णायक घाव सोयाबीनचा. पूर्वी पावसाळ्यात पड ठेवून रब्बीसाठी ओल साठवलेली रानं सोयाबीननं खरिपातच घेतली. ज्वारी आकसली, आणि जी करडई तिच्या कडेला उभी राहायची तिला राखायला रानच उरलं नाही.