अपुरे राहिलेले वैद्यक

भारतीय स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास सांगू लागले, की काही नावे आपोआप ओठांवर येतात. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोशी, त्याच वर्षी कलकत्त्यात वैद्यकीय शिक्षण पुरे करणाऱ्या कादंबिनी गांगुली, आणि १८९४ साली लंडनचा अभ्यासक्रम संपवून पुढे सुरत-राजकोटकडे आयुष्य वेचणाऱ्या डॉक्टर रखमाबाई. या नावांचा उच्चार आपण आदराने करतो आणि ते योग्यच आहे. परंतु या यादीच्या अलीकडे आणखी एक यादी आहे. ती कोणी फारशी वाचून दाखवीत नाही. वैद्यकीय महाविद्यालयाचा उंबरठा ज्यांनी ओलांडला, अभ्यासात चमक दाखविली, आणि तरीही शिक्षण अर्ध्यावर टाकून ज्यांना माघारी यावे लागले, अशा स्त्रियांची ती यादी होय. त्या यादीतील एका मराठी मुलीची हकीगत आज सांगावयाची आहे.

तिचे नाव कृपाबाई खिस्ती. जन्म १८६२ सालचा, अहमदनगरचा. नगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम चालू होते. कृपाबाईंचे वडील हरिपंत हे त्या मिशनच्या प्रभावाने ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्या पहिल्या काही ब्राह्मणांपैकी एक. आई राधाबाई जुन्या संस्कारांत वाढलेल्या. पतीने धर्म बदलला तेव्हा त्यांच्या जगाची एक बाजूच कोसळून पडली असली पाहिजे. आप्तांपासून तुटलेले, नव्या समाजात अजून नीट न रुजलेले, मुलाबाळांनी भरलेले असे हे घर. अशा घराला भोवतालच्या गोतावळ्याचा आधार नसतो. घरातली माणसे हाच त्याचा सारा आधार. त्यांतले एक माणूस गेले तरी छपराचा एक वासा निखळावा तसे होते.

कृपाबाई लहान असतानाच हरिपंत वारले. संसाराचा भार राधाबाईंवर आला आणि धाकट्या बहिणीच्या मनाची मशागत करण्याचे काम थोरला भाऊ भास्कर याने आपल्याकडे घेतले. भास्कर विचारी आणि वाचनाचा नाद असलेला तरुण होता. मुलीच्या जातीला पुस्तक कशाला, असे विचारणाऱ्या त्या काळात त्याने बहिणीच्या हाती पुस्तके दिली, तिच्याशी बरोबरीच्या नात्याने चर्चा केली, आणि तू आपल्या देशबांधवांसाठी काही करावेस अशी आकांक्षा तिच्या मनात पेरली. पुढे कृपाबाईंनी आपल्या आयुष्यावर आधारलेली कादंबरी लिहिली, तीत या भावाचे चित्र फार जिव्हाळ्याने उतरले आहे. पण हा भास्करही ऐन तारुण्यात मृत्यू पावला. वडिलांच्या मृत्यूने घराचा कर्ता गेला होता. भावाच्या मृत्यूने कृपाबाईंचा गुरू गेला, आणि कदाचित त्यांच्या स्वप्नांवर विश्वास ठेवणारे घरातील एकमेव माणूसही गेले.

या दुःखातून सावरत त्या मुंबईला शिक्षणासाठी आल्या. तेथे एका अमेरिकन स्त्री-डॉक्टरच्या सहवासात त्यांना वैद्यकाची गोडी लागली. पडद्यात राहणाऱ्या स्त्रिया पुरुष डॉक्टरास हात लावू देत नाहीत आणि म्हणून उपचारांवाचून झिजतात, हे त्या काळचे नित्याचे दृश्य होते. विशेषतः मुसलमान स्त्रियांच्या उपयोगी पडता येईल या विचाराने कृपाबाईंनी डॉक्टर व्हावयाचे ठरविले. इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी शिष्यवृत्तीही मिळाली. परंतु प्रकृती तितकीशी सुदृढ नाही, विलायतेची हवा व तेथील कष्ट सोसवणार नाहीत, असा निर्णय झाला आणि तो बेत फिसकटला. मग दुसरा मार्ग निघाला, तो मद्रासचा.

मद्रासच का, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार स्त्रियांना १८८३ साली उघडले, आणि कलकत्त्याचेही त्याच सुमारास. मद्रासने मात्र हे धाडस १८७५ मध्येच केले होते. तेथील वैद्यकीय खात्याचे प्रमुख एडवर्ड बॅल्फोर यांनी या गोष्टीचा पुरस्कार केला, आणि मेरी शार्लीब यांच्यासह चार स्त्रिया तेथे दाखल झाल्या. त्या चौघींपैकी कोणीही हिंदी समाजातील नव्हती. १८७८ साली कृपाबाई त्या महाविद्यालयात गेल्या, तेव्हा तेथे पाऊल टाकणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. त्यांचे वय होते अवघे सोळा वर्षांचे.

सोळा वर्षांची मुलगी, मराठी मुलखातून निघून मद्रासला जाते. मुंबई आणि मद्रास यांचे लोहमार्ग रायचूरला एकमेकांस मिळून त्या वेळी सातच वर्षे झाली होती. भाषा निराळी, अन्न निराळे, हवा निराळी. राहण्याची सोय झाली ती रेव्हरंड सत्यनाधन या तमिळ ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या घरी. त्यांच्या पत्नी अ‍ॅना यांनी मुलींच्या शाळा चालविल्या होत्या, घरोघर जाऊन स्त्रियांना शिकविण्याचे काम केले होते. घर सुसंस्कृत आणि प्रेमळ होते. तरीही ते परक्याचे घर, आणि महाविद्यालयात भोवताली सारे पुरुष विद्यार्थी. आपण नापास झालो तर ते अपयश आपल्या एकटीचे गणले जाणार नाही, साऱ्या भारतीय स्त्रीजातीच्या बुद्धीला बोल लागेल, ही जाणीव अशा पहिल्या विद्यार्थिनीला क्षणभरही विसरता येत नसणार. पहिलेपणाचा मान आपण मागाहून देतो. ज्याला तो वाहावा लागतो त्याच्या खांद्यावर त्या वेळी त्याचे नुसते ओझे असते.

कृपाबाईंनी ते ओझे उचलले आणि अभ्यासात पहिल्यापासून आपली बुद्धी सिद्ध केली. पण वर्ष संपण्यापूर्वीच प्रकृतीने दगा दिला. अतिश्रम आणि मनावरील ताण यांनी शरीर खचले. १८७९ मध्ये त्या पुण्याला बहिणीच्या घरी विश्रांतीसाठी परत आल्या. सुमारे वर्षाने त्या पुन्हा मद्रासला गेल्या, पण वैद्यकाकडे नाही. ते शिक्षण तेथेच थांबले.

येथे जरा थांबून विचार केला पाहिजे. ही हकीगत सांगताना चरित्रकार बहुधा एवढेच म्हणतात, की प्रकृती बिघडल्यामुळे शिक्षण सोडावे लागले. विधान खरे आहे, परंतु ते अपुरे आहे. प्रकृती काही हवेत बिघडत नाही. वडिलांच्या पश्चात वाढलेली, आधार देणारा भाऊ गमावलेली, शिष्यवृत्तीच्या आणि परोपकाराच्या बळावर शिकणारी मुलगी आजारी पडते, तेव्हा सुदृढ घरातील मुलाच्या आजाराहून त्या आजाराचा अर्थ वेगळा असतो. सधन घरचा मुलगा सहा महिने अंथरुणाला खिळला, तरी वडील फी भरतात, काका ओळखी काढतात, घर त्याची जागा राखून ठेवते. जेथे घरच एकामागून एक मृत्यूंनी पोखरलेले आहे, तेथे सहा महिन्यांचा खंड हा कायमचा खंड ठरतो. शिक्षण सुटते ते एका दिवसात, पण त्याची कारणे कित्येक वर्षे आधीपासून घरात साचत आलेली असतात.

या अनुभवात कृपाबाई एकट्या नव्हत्या. १८८२ साली बंगालमधून अबला दास ही तरुणी याच मद्रासला वैद्यक शिकण्यासाठी आली, कारण कलकत्त्याच्या महाविद्यालयाने तोवर स्त्रियांना प्रवेश दिला नव्हता. तिलाही प्रकृतीमुळे शिक्षण पुरे करता आले नाही. पुढे शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बसू यांच्या पत्नी म्हणून, आणि १९१९ मध्ये नारी शिक्षा समिती स्थापन करणाऱ्या कार्यकर्त्या म्हणून ती प्रसिद्धीस आली. आपल्या पंडिता रमाबाईंची गोष्ट तर सर्वांच्या परिचयाची. १८८२ मध्ये पती वारले, पदरी तान्ही मनोरमा. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना भारतात स्त्री-डॉक्टरांची केवढी निकड आहे, हे रमाबाईंनी आवर्जून सांगितले, आणि १८८३ मध्ये त्या स्वतः वैद्यक शिकण्याच्या हेतूने इंग्लंडला गेल्या. परंतु ऐकू कमी येत असल्याने तो मार्ग त्यांना बंद झाला. १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानास उपस्थित राहण्यासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. जी पदवी स्वतःला मिळू शकली नाही ती दुसरीला मिळताना त्यांनी पाहिली, आणि त्यात आनंद मानला. त्या दिवशी त्या सभागृहात यशस्वी आणि अयशस्वी अशी भारतीय स्त्रीच्या वैद्यकाची दोन्ही रूपे एकत्र होती, असे म्हणावयास हरकत नाही.

आणि जिला पदवी मिळाली तिचे काय झाले? आनंदीबाई मायदेशी परतल्या त्या दुखणे घेऊनच, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास वारल्या. रुग्णसेवेची संधी त्यांना मिळालीच नाही. शिक्षण पुरे करणारी आणि न करणारी यांच्यातील अंतर त्या पिढीत किती थोडे होते, हे यावरून दिसते. एकीने शरीर झिजवून पदवी गाठली, दुसरीचे शरीर वाटेतच थकले.

कृपाबाईंचे पुढील आयुष्य मद्रास इलाख्यात गेले. ज्या घरी त्या राहिल्या होत्या त्याच घरातील सॅम्युएल सत्यनाधन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सॅम्युएल केंब्रिजला शिकून आले होते. उटकमंडच्या ब्रीक्स स्कूलचे मुख्याध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि त्या थंड हवेत कृपाबाईंची प्रकृती काहीशी सुधारली. तेथे त्यांनी पहिले काम कोणते केले असेल, तर मुसलमान मुलींसाठी शाळा काढली. ज्या स्त्रियांसाठी औषधाची पेटी घेऊन जावयाचे होते, त्यांच्याच मुलींकडे त्या पाटी-पुस्तक घेऊन गेल्या. मार्ग बदलला तरी कोणाकडे जावयाचे हे त्या विसरल्या नव्हत्या. पुढे राजमहेंद्री, कुंभकोणम् आणि अखेर मद्रास असा प्रवास झाला. १८८७-८८ मध्ये त्यांची ‘सगुणा’ ही कादंबरी मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. भारतीय स्त्रीने इंग्रजीत लिहिलेली पहिली आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणून ती गणली जाते. तिची नायिका हीसुद्धा वैद्यक शिकावयास मद्रासला जाते आणि प्रकृती ढासळून परत येते. ही घटना कृपाबाईंनी झाकून ठेवली नाही, हे विशेष. त्यानंतर एकुलते एक अपत्य वर्षाच्या आतच दगावले. त्या दुःखात आणि क्षयाच्या दुखण्यात त्यांनी ‘कमला’ ही दुसरी कादंबरी लिहून पुरी केली. १८९४ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे जीवन संपले.

अशा कथेचा शेवट एका ठरीव समाधानाने करण्याची आपल्याला सवय आहे. वैद्यक सुटले, पण साहित्याला लेखिका मिळाली, झाले ते बऱ्यासाठीच, असे आपण म्हणतो. मला हे समाधान मान्य नाही. ‘सगुणा’ मिळाली ही मोठीच गोष्ट. परंतु १८७९ मध्ये पडद्यामागील ज्या स्त्रिया डॉक्टरची वाट पाहत होत्या, त्यांना कादंबरी वाचून बरे वाटणार नव्हते. त्यांच्यासाठी डफरिन फंड निघाला तो १८८५ मध्ये. मधली वर्षे कशी गेली, किती बाळंतिणी गेल्या, याचा हिशोब कोणत्याही साहित्यकृतीने फिटत नाही. झालेली हानी हानी म्हणूनच लिहिली पाहिजे. नाहीतर ती टाळण्याचा विचार कोणाच्याही मनात येणार नाही.

आज मुली वैद्यकीय महाविद्यालयात जातात याचे कोणाला नवल वाटत नाही. वसतिगृहे आहेत, शिष्यवृत्त्या आहेत. तथापि वडिलांचे अकाली निधन, आईचे दीर्घ आजारपण, बुडालेले शेत, फिटत न आलेले कर्ज, यांमुळे अभ्यासक्रम अर्ध्यावर टाकून गावी परतणारी मुले-मुली आजही आहेत. अशा मुलाविषयी गावात काय बोलले जाते? त्याला झेपले नाही, असे. हा शब्द फार सहज उच्चारला जातो आणि आयुष्यभर चिकटून राहतो. झेपले नाही ते कोणाला? सोळा वर्षांच्या कृपाबाईला, की जिच्या पाठीशी उभे राहण्याची कोणतीच व्यवस्था ज्याने केली नव्हती त्या समाजाला?

कृपाबाईंच्या मृत्यूनंतर त्यांच्या स्मरणार्थ मद्रासच्या त्याच वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रियांसाठी शिष्यवृत्ती ठेवण्यात आली. ज्या संस्थेतून त्यांना एका वर्षात परत यावे लागले, तेथेच दुसऱ्या मुलींना टिकून राहण्यासाठी त्यांच्या नावाने पैसा उभा राहिला. त्यांच्या स्मारकांत मला हे सर्वांत योग्य वाटते. अर्ध्यावरून परतलेल्याची कीव करण्यापेक्षा त्याच्या मागून येणाऱ्याचे शिक्षण तुटू नये याची तजवीज करणे, हेच अशा इतिहासापासून शिकण्यासारखे आहे.