एका भाषेची चार नावे

बाल्कन प्रदेशातील बोलींना नावे पडली आहेत ती एका लहानशा शब्दावरून. हा शब्द म्हणजे 'काय?'. झाग्रेबच्या आसपास त्याचा उच्चार चक्क 'काय' असाच करतात! एड्रियाटिक किनाऱ्यावर 'चा' म्हणतात, तर इतरत्र बहुतेक ठिकाणी 'श्तो' किंवा 'श्ता'. सर्ब व क्रोएट या दोघांच्याही प्रमाणभाषा या 'श्तो' बोलीवरच उभ्या आहेत.

सर्ब विद्वान वूक काराजिच यांनी १८१८ साली शब्दकोश प्रसिद्ध करून सिरिलिक लिपीत एका ध्वनीला एक अक्षर ठरवून दिले. क्रोएट विद्वान ल्युदेवित गाइ यांनी १८३० मध्ये रोमन लिपीत तशीच सुधारणा सुचविली. १८५० मध्ये दोन्हीकडच्या साहित्यिकांनी व्हिएन्ना येथे समान साहित्यभाषेचा करार केला. मात्र त्या भाषेला नाव काय द्यायचे, हे त्यात लिहिलेच नाही.

पुढे वाद झाला तो या नावावरूनच. युगोस्लाव्हियात १९५४ च्या नोव्ही साद कराराने भाषा एक, लिप्या दोन आणि नावात दोघांचाही उल्लेख असे ठरले. १९६७ मध्ये क्रोएट संस्थांनी स्वतंत्र नावाची मागणी केली. १९९१ पासून देश फुटत गेला, तशी सर्बियन, क्रोएशियन व बोस्नियन ही नावे वेगळी झाली. २००७ च्या राज्यघटनेने माँटेनेग्रिन हे चौथे नाव आले.

फरक आहेतच. पावाला सर्ब 'ह्लेब' म्हणतात, क्रोएट 'क्रूह'. आगगाडीला 'वोझ' आणि 'व्लाक'. पण व्याकरण जवळजवळ एकच असल्याने बेलग्रेडच्या माणसाला झाग्रेबमध्ये दुभाष्या लागत नाही. बोलचालीच्या हिंदी-उर्दूचेही असेच आहे.

मग भाषा एक की चार? परस्परांना समजते का, एवढे पाहिले तर एक. पण भाषेला नाव देताना लोक त्यात स्वतःची ओळखही पाहतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. प्रश्न बिकट होतो तो या नावाची भिंत केली की. युद्धानंतर बोस्नियात काही ठिकाणी एकाच इमारतीत क्रोएट व बोस्नियाक मुलांच्या दोन वेगळ्या शाळा भरू लागल्या. कारणांत भाषाही पुढे केली गेली. यायत्से गावात आणखी एक वेगळी शाळा काढण्याचे ठरले, तेव्हा विद्यार्थीच निदर्शनांना उतरले आणि २०१७ मध्ये तो बेत मागे घ्यावा लागला. या मुलांना एकमेकांचे बोलणे समजत होते!