साधनचिकित्सा आणि डिजिटल साक्षरता

इतिहाससंशोधनाच्या पद्धतीचा विचार करताना १८९८ हे वर्ष विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. त्या वर्षी पॅरिस येथे लांग्ल्वा आणि सेन्योबोस या दोन फ्रेंच पंडितांनी इतिहासाभ्यासाच्या पद्धतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि साधनाच्या बाह्य व आंतर अशा द्विविध परीक्षणाची पद्धतशीर मांडणी केली. त्याच वर्षी वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड बाहेर पडला आणि बखरींच्या कथनास समकालीन पत्रांची कसोटी लावण्याचा प्रघात महाराष्ट्रात रूढ होऊ लागला. दोहोंचा परस्परांशी संबंध नव्हता. परंतु लेख हाती आला की तो कोणी, केव्हा व कशासाठी लिहिला हे आधी विचारावे, ही शिस्त दोहोंस समान होती. आज विद्यार्थ्यांच्या शिक्षणात 'डिजिटल साक्षरता' म्हणून ज्या गुणाची अपेक्षा केली जाते, त्याचे मूळ या शिस्तीत कितपत आहे आणि तिच्यापासून तो कोठे वेगळा होतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

'डिजिटल साक्षरता' ही संज्ञा प्रचारात आणण्याचे श्रेय सामान्यतः पॉल गिल्स्टर या अमेरिकन लेखकाच्या १९९७ मधील ग्रंथास दिले जाते. यंत्र चालविण्याच्या कौशल्यापेक्षा यंत्राद्वारे पुढे येणाऱ्या माहितीची पारख करण्याच्या शक्तीस त्याने अधिक महत्त्व दिले होते. पुढे ही पारख शिकविण्यासाठी प्रश्नावल्या तयार झाल्या. कॅलिफोर्नियातील चिको येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयात २००४ मध्ये तयार झालेली प्रश्नावली त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध आहे. मजकूर अद्ययावत आहे काय, प्रस्तुत आहे काय, लेखक अधिकारी आहे काय, माहिती अचूक आहे काय आणि लेखनाचा हेतू कोणता, या पाच कसोट्या विद्यार्थ्याने संकेतस्थळास लावाव्यात, अशी ही योजना. वरवर पाहता ही साधनचिकित्साच आहे.

तथापि ही योजना अपुरी असल्याचे लवकरच दिसून आले. सॅम वाइनबर्ग या शिक्षणशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये अमेरिकन क्रांतीसंबंधीचे लेख इतिहासकार व शालेय विद्यार्थी यांजकडून वाचून घेतले होते. इतिहासकार लेखाचा कर्ता प्रथम पाहतात व एक लेख दुसऱ्याशी ताडून पाहतात. विद्यार्थी मात्र लेखास पाठ्यपुस्तक समजून वाचतात, असे त्यास आढळले. पुढे सेरा मॅकग्रू यांच्यासह २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याने १० इतिहासकार, स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी व वृत्तपत्रीय मजकुराची सत्यता तपासणारे १० व्यावसायिक, अशा ४५ जणांना संकेतस्थळे पारखावयास दिली. त्यांत बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांची स्थळे होती. एक १९३० मध्ये स्थापन झालेली अमेरिकन अकादमी. दुसरी संस्था 'कॉलेज' हे भारदस्त नाव धारण करणारी, परंतु समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घेण्याच्या प्रश्नावरील मतभेदामुळे अकादमीतून फुटून २००२ मध्ये निघालेला एक लहानसा गट. सर्व तपासनिसांनी अकादमीस निःशंकपणे अधिक विश्वसनीय ठरविले. बहुसंख्य विद्यार्थी दुसऱ्या संस्थेच्या बाजूस गेले. आणि लक्षणीय गोष्ट ही की, अनेक इतिहासकारही निर्णय देताना डळमळले.

याचे कारण वाचनाच्या रीतीत होते. इतिहासकार व विद्यार्थी समोरचे पान वरपासून खालपर्यंत बारकाईने वाचीत राहिले. तपासनिसांनी क्षणभर पाहून ते पान सोडले, शेजारी नवी पाने उघडली आणि ही संस्था कोणाची, तिजविषयी इतर काय म्हणतात, हे आधी शोधले. पहिल्या रीतीस उभे वाचन आणि दुसरीस आडवे वाचन म्हणता येईल.

दप्तरातील कागदावर उभे वाचन फलदायी होते, कारण तेथे कागद स्वतःच साक्ष देतो. शाई, शिक्का, मोडीचे वळण, दप्तरातील स्थान यांवर लेखकाची सत्ता पूर्णपणे चालत नाही. संकेतस्थळाचे सर्व बाह्यांग मात्र त्याच्या मालकाच्या स्वाधीन असते. बोधचिन्ह, तळटीपा, स्वतःविषयीचा परिचय, सारेच त्याने हवे तसे रचलेले असते. अशा स्थितीत पाच कसोट्यांची उत्तरे त्याच पानात शोधणे म्हणजे आरोपीस त्याच्याच चारित्र्याचा दाखला मागण्यासारखे आहे.

येथे राजवाड्यांची पद्धती पुन्हा आठवते. बखरीतील काळ, स्थळ व व्यक्ती यांविषयीच्या चुका बखर पुनःपुन्हा वाचून कळल्या नाहीत. बखरीबाहेरची पत्रे तिच्याशेजारी मांडली तेव्हा कळल्या. तेव्हा आडवे वाचन ही परंपरेस सोडून असलेली गोष्ट नव्हे. संशोधकाने उत्तरार्धी करावयाचे ताडन येथे प्रारंभीच करावे लागते, एवढाच भेद आहे.

ही सवय शिकविता येते. अमेरिकेतील ४९९ शालेय विद्यार्थ्यांवरील, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, केवळ सहा तासिकांच्या अध्यापनाने विद्यार्थ्यांची पारख लक्षणीय सुधारल्याचे आढळले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांस खुले झाल्यापासून तर हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. यंत्राने रचलेल्या उत्तरामागे साक्षीदार असा कोणी नसतो, आणि अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांचे हवालेही ते प्रसंगी देते. त्या उत्तराची भाषा कितीही सफाईदार असली, तरी उत्तराबाहेर जाऊन हवाला पडताळल्याखेरीज त्याचे मोल ठरत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात डिजिटल साक्षरता व चिकित्सक विचार या दोहोंचा उल्लेख आहे. त्यांपैकी पहिलीची जबाबदारी संगणकाच्या वर्गावर व दुसऱ्याची अन्य विषयांवर टाकून दिल्यास दोन्ही निष्फळ होतील. साधनांची पारख हा ज्या विषयाचा पायाच आहे, त्या इतिहासाच्या अध्यापकांनी हे कार्य आपले मानावे, हेच उचित होय.